वाचकांचे प्रश्न : छपराचे काम आणि त्याचे संकेतस्थळ

प्रश्न : बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीजवळ आमचा पत्र्याच्या शेडची छपरे घालण्याचा आणि दुरुस्त करण्याचा व्यवसाय आहे. वडिलांनी तो सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ पाहतो. गेल्या दिवाळीत एका एजन्सीकडून संकेतस्थळ करून घेतले. ते दिसायला देखणे आहे, पण त्यावरून आजवर जेमतेम तीन फोन आले आणि तेही नोकरी मागणाऱ्यांचे. आता जाहिरातीवर पैसे घालावेत असे भावाचे म्हणणे आहे. संकेतस्थळाचा पत्ता आणि आमच्या कामांचे काही फोटो सोबत दिले आहेत. आपण पाहून सल्ला द्यावा.
— एक वाचक, मकरपुरा

उत्तर : आपले संकेतस्थळ मी मुद्दाम फोनवर उघडले, कारण छप्पर गळू लागल्यावर आपला ग्राहकही हातातल्या फोनवरच शोध घेणार. पहिल्याच पडद्यावर उतरत्या छपराचे एक परदेशी घर आहे, हिरवळ आहे आणि ‘दर्जा हाच आमचा ध्यास’ हे वाक्य आहे. तसली डांबरी चकत्यांची छपरे बडोद्यात सहसा कोणी घालत नाही. बडोद्याजवळच्या सावली किंवा वाघोडिया या गावांतला कारखानदार ते चित्र पाहतो तेव्हा या माणसाकडे दाखवायला स्वतःचे काम नसावे, एवढेच त्याच्या मनात येते. आपल्या वडिलांनी इतकी वर्षे केलेल्या कामाचा एकही फोटो तेथे नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. जाहिरातीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. जाहिरातीने माणसे येतील, पण ती याच चित्रापाशी येऊन परत जातील.

छप्पर हे असे काम आहे की ज्याने पैसे दिले त्यालाच ते दिसत नाही. फरशी बसवली तर मालक तिच्यावरून चालतो, रंग दिला तर रोज पाहतो. पत्रा मात्र वीस फुटांवर असतो आणि त्याखालचा स्क्रू, त्याचा रबरी वॉशर, दोन पत्र्यांची एकमेकांवर घेतलेली मिळवणी, पन्हळीला दिलेला उतार, यांतले काहीही खालून कळत नाही. म्हणून संकेतस्थळाचे पहिले काम ग्राहकाला वर नेऊन दाखवण्याचे आहे. एका कामाचे सहा-सात फोटो क्रमाने लावावेत : जुना पत्रा कोठे कुजला होता, तो काढल्यावर पर्लिन (पत्र्याला आधार देणारे आडवे लोखंडी दांडे) कशा दिसल्या, त्यांना गंजरोधक रंग कसा दिला, नवा पत्रा चढताना, माथ्यावरची पट्टी बसवताना आणि शेवटी पहिल्या मोठ्या पावसानंतर आतली कोरडी जमीन.

प्रत्येक कामाखाली दोन-तीन ओळींची नोंद हवी. नमुना म्हणून सांगतो : ‘मकरपुरा, ६,००० चौरस फूट. जुन्या सिमेंट पत्र्यांना ते धरणाऱ्या जे-बोल्टभोवती तडे. नवा पत्रा एकूण जाडी ०.५० मि.मी., लेप एझेड १५०. काम मार्चमध्ये, नऊ दिवसांत.’ जाडीबाबत विशेष काळजी घ्यावी. पत्र्याची जाडी सांगताना काही जण लेप आणि रंग धरून आकडा देतात, काही जण आतल्या पोलादाचा देतात, आणि या फरकातच दोन दरपत्रकांमधली तफावत लपलेली असते. आपण दोन्ही आकडे लिहावेत आणि एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा लेप, हेही एका वाक्यात समजावून द्यावे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. स्क्रूंमधले अंतर आपण त्यानुसार ठरवत असाल तर तेही लिहावे. कारखान्याचा अभियंता ही ओळ वाचून थांबतो. फोटो लावण्यापूर्वी मालकाची परवानगी मात्र घ्यावी.

आपण पाठवलेल्या इतर फोटोंपैकी एकात एक कामगार जुन्या सिमेंट पत्र्यावर सुरक्षा पट्ट्याशिवाय उभा आहे. तो फोटो लावू नका असे सांगून मी थांबणार नाही. असे पत्रे अचानक फुटतात आणि माणूस थेट खाली जातो. पत्र्यावर टाकायच्या फळ्या, आडवी बांधलेली दोरी आणि पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा, एवढ्याशिवाय कोणालाही वर पाठवू नये. आणि ती पद्धत पाळल्यावर तिचे फोटो अवश्य लावावेत. मोठ्या कारखान्याचा खरेदी अधिकारी दरापूर्वी हेच पाहतो, कारण त्याच्या आवारात अपघात झाला तर त्यालाही जाब द्यावा लागतो.

आपल्याकडे दोन प्रकारचे ग्राहक येतात आणि त्यांना एकाच दाराने आत घेणे चुकीचे ठरते. एकाच्या यंत्रावर आत्ता पाणी टपकते आहे. दुसरा पुढच्या वर्षी नवी शेड उभारणार आहे. पहिल्याला वरच, बोट ठेवताच लागणारा फोन क्रमांक आणि ‘गळतीचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ एवढेच हवे. दुसऱ्याला कामांच्या नोंदी, जीएसटी क्रमांक आणि दरात काय धरले आहे व काय नाही याचा तपशील हवा. सध्याच्या अर्जात अकरा रकाने आहेत. नाव, फोन आणि ठिकाण हे तीन पुरेत. ‘२४ तासांत दुरुस्ती’ हे वाक्य काढून टाकावे. ओल्या पत्र्यावर माणूस चढवता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. भर पावसात तात्पुरते आच्छादन आणि उघडीप मिळाल्यावर पक्के काम, असेच लिहावे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मि.मी. पाऊस झाला होता. तो दिवस आठवणारा ग्राहक खरे सांगणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवील.

भाषेविषयी. आपण घरी मराठी बोलतो, पण आपला ग्राहक ‘पतरां’ (पत्रे) आणि ‘धाबुं’ (गच्ची) हे गुजराती शब्द वापरतो. म्हणून मुख्य मजकूर गुजरातीत आणि सोबत इंग्रजीत असावा. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षरे म्हणून वाचता येईल असा, टंकलेला हवा. चित्रात कोरलेली अक्षरे गूगलच्या शोधात भरवशाने सापडत नाहीत. आपल्या पानावरचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा आहे, तो दोनशे केबीच्या आसपास आणावा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची कसोटी आहे. पान करणाऱ्याला ‘स्कीमा’ मध्ये (पान कशाविषयी आहे हे शोधयंत्राला कळवणाऱ्या खुणांच्या पद्धतीत) छप्पर ठेकेदारासाठी असलेला स्वतंत्र प्रकार वापरण्यास सांगावे. गूगलवरील व्यवसाय नोंदीत नाव, पत्ता आणि फोन संकेतस्थळावर आहेत तसेच असावेत. हे सगळे फेब्रुवारीपर्यंत उरकावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीची कामे मिळतील.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळाचे नाव ज्याने ते तयार केले त्याच्याच नावावर नोंदलेले आहे आणि तो आता फोन उचलत नाही. काय करावे?
— एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : पैसे दिल्याच्या पावत्या जोडून त्याला लेखी मागणी पाठवावी की नोंदणी आपल्या नावावर करावी अथवा हस्तांतराचा ऑथ कोड (नाव दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा गुप्त संकेतांक) द्यावा. ठराविक मुदतीत उत्तर न आल्यास वाट पाहण्यात वर्ष घालवू नये. स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलने ‘डॉट इन’ वर नवे नाव घ्यावे आणि गूगलच्या नोंदीत तेच घालावे. पासवर्ड घरातल्या दोघांना ठाऊक असावा.

प्रश्न : मी दांडिया बाजार भागात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कामे करतो. सगळेच ‘दहा वर्षांची गॅरंटी’ लिहितात, म्हणून मीही लिहावी का? आणि चांगले अभिप्राय विकत मिळतात म्हणतात, ते घ्यावेत का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : अभिप्राय विकत घेऊ नयेत. ती ग्राहकाची फसवणूक आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले ते अशाच खोट्या अभिप्रायांमुळे. काम संपल्यावर पहिला पाऊस होऊ द्यावा आणि मग ग्राहकाला स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची विनंती करावी.

हमी द्यावी, पण तिची फोड करून. रसायनाच्या कंपनीची हमी मालाची असते, आपली हमी हातच्या कामाची असते. दोन्हींची मुदत वेगळी लिहावी आणि काय केल्यास हमी संपते तेही सांगावे. आज यात सर्वांत महत्त्वाची बाब सौर पॅनेलची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांवरील सौर पॅनेलला अनुदान देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली आणि गच्चीवर पॅनेल बसवणाऱ्या घरांची संख्या वाढू लागली. बसवणारा चायना मोझॅक (गच्चीवर बसवलेल्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर) फोडून बोल्ट ठोकतो, खालचा थर भेदला जातो, पाणी पुढच्या पावसाळ्यात खोलीत उतरते आणि दोष वॉटरप्रूफिंगवाल्याच्या माथी येतो. यावर एक स्वतंत्र पान लिहावे : पॅनेल बसण्यापूर्वी गच्चीची तपासणी, बोल्टऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा ठेवता येईल का याचा अभियंत्याकडून हिशेब, आणि छिद्रे पाडावीच लागली तर ती कशी बंद करायची याचे फोटो. पॅनेलचे दरपत्रक हातात घेऊन बसलेल्या घरमालकाला हे आधीच सांगणारे कोणी भेटत नाही. ते त्याला आपल्या पानावर वाचायला मिळावे.