विचारा की! : सूर्यकिरणची विमानं सांबऱ्यात का नाहीत?

प्रश्न : आमच्या सांबऱ्याला एवढं एअरफोर्स स्टेशन असताना एअरफोर्सची विमानांच्या कसरती करणारी सूर्यकिरण टीम तिकडं बिदरला कशाला? बेळगावला कायम डावलतात. – एक वाचक, मुतगा

उत्तर : डावलल्याची यादी आपल्याला सगळ्यांनाच पाठ आहे, पण हे त्यातलं नव्हे. सांबऱ्यात एअरमनचं, म्हणजे विमान न उडवणाऱ्या एअरफोर्स जवानांचं ट्रेनिंग चालतं, पायलटचं नाही. बिदरला नव्या पायलटना फायटरसाठी हॉक जेटवर तयार करतात आणि सूर्यकिरणची विमानं पण हॉकच, त्यामुळं मेकॅनिक, स्पेअर सगळं तिथंच मिळतं. 1996 ला टीम निघाली तेव्हा एचएएल या सरकारी विमान कंपनीची किरण विमानं होती, तीही बिदरलाच. मधे एचपीटी-32 ही शिकाऊ विमानं बंद पडली, नवशिक्यांना किरण कमी पडायला लागली, म्हणून 2011 च्या एरो इंडिया या बंगळूरच्या विमान-शोनंतर टीमच थांबवली, ती 2015 ला हॉकवर परत उभी राहिली.

प्रश्न : नऊ विमानं एवढी चिकटून उडतात ती कॉम्प्युटरवर सेट असतात काय? – कॉलेजचा विद्यार्थी, खानापूर

उत्तर : नाही रे बाबा, सगळं हातानं. दोन विमानांत कधीकधी पाचेक मीटरच अंतर असतं. बाहेर बघायचं काम फक्त लीडरचं, बाकीच्यांनी जमीन-आभाळ सगळं विसरून शेजारच्या विमानावर नजर ठेवायची, म्हणजे त्याच्या पंखाचं टोक आणि अंगावरची एक ठरलेली खूण एका रेषेत दिसली पाहिजे, रेष जरा हलली की लगेच स्टिक (विमान वळवायचा दांडा) नाहीतर थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमी-जास्त करायचा) किंचित सरकवायचा, आणि हे पूर्ण वेळ चालूच. वळताना बाहेरच्याला लांबचा पल्ला म्हणून पॉवर वाढवावी लागते, आतल्याला कमी करावी लागते. लीडर रेडिओवर ठरलेल्या तालात सांगतो आणि सगळे एकदम वळतात. आपल्याकडं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बघितलाय ना, ड्रायव्हरनं स्टिअरिंगला जरा हिसका दिला तरी मागची ट्रॉली केवढी झोकांडते, तसंच इथं, म्हणून माझ्या मते खरा कस उलटं उडण्यात नाही, लीडरच्या हळुवार हातात आहे. समोरासमोर येणारी दोन विमानं मात्र आपल्याला वाटतात तशी एका रेषेत नसतात, बाजूला अंतर ठेवलेलं असतं, ते खालून कळत नाही. तरी धोका आहेच. फेब्रुवारी 2019 मधे बंगळूरच्या येलहंकाला सरावातच दोन हॉक धडकली आणि एक पायलट गेला.

प्रश्न : मागचा धूर म्हणजे इंजिन जळतंय काय? – एक आजी, निपाणी

उत्तर : नाही आजी, डिझेल आहे ते. इंजिनच्या मागच्या गरम झोतात फवारतात, त्याची वाफ होते आणि बाहेर थंड होऊन पांढरी दिसते. रंग पाहिजे तर त्यात रंग मिसळतात. पायलटनं बटण सोडलं की बंद.

प्रश्न : बंगळूरचे भावोजी म्हणतात विमानांच्या शोसाठी मटणाची दुकानं बंद करतात. थापा ना? – शहापूर, बेळगाव

उत्तर : थापा नव्हेत. 2023 च्या एरो इंडियाला येलहंकाच्या भोवती दहा किलोमीटरात मांसविक्री बंद होती. उघड्यावर टाकलेल्या तुकड्यांवर घारी जमतात आणि एखादी इंजिनात ओढली गेली तर संपलंच, कारण हॉकला इंजिन एकच असतं. भावोजींनी तेवढे दिवस झुणका खावा.