आब्रुत्सो: समुद्र, डोंगर आणि मेंढ्यांची वाट (प्रश्नोत्तरे)

प्रश्न: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस पाहून झालं. जूनमध्ये सात रात्री आहेत. समुद्र आणि डोंगर दोन्ही हवेत. इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात मुक्काम कुठे करावा? (पुणे)

मुक्काम दोनच ठेवा. तीन रात्री किनाऱ्यावर, चार डोंगरात. अ‍ॅपेनाइन रांगेतलं सर्वांत उंच शिखर कोर्नो ग्रांदे (2912 मीटर) याच प्रांतात आहे आणि तिथून एड्रियाटिक समुद्र सरळ रेषेत 50 किलोमीटरच्या आत येतो. म्हणून बरेच जण एकाच खोलीतून दोन्ही उरकू पाहतात. तसं करू नका. घाट वळणावळणांचे आहेत, रोज चढ-उतार केलीत तर सुट्टी गाडीतच जाईल.

रोमहून किनाऱ्यावरच्या पेस्कारा शहराला बसने साधारण तीन तास लागतात. पुढे डोंगरातल्या गावांना बस फार कमी, तेव्हा गाडी भाड्याने घ्या. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्याआधी आरटीओतून काढा. जुन्या वस्तीच्या तोंडाशी ‘झेडटीएल’ (म्हणजे गाड्यांना मर्यादित प्रवेश) अशी पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. तिथला कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड घरी परतल्यावर कळतो.

प्रश्न: आईबाबा सत्तरीचे आहेत. त्यांच्यासाठी कोणता किनारा? (ठाणे)

पेस्काराच्या उत्तरेचा. पिनेतो, रोझेतो, जुलियानोव्हा इथे रुंद वाळू आणि उथळ पाणी आहे. छत्री-खुर्चीचे पैसे पडतात. फुकट जागा हवी तर ‘स्पियाज्जा लिबेरा’ लिहिलेलं शोधा. दक्षिणेला ओर्तोना ते व्हास्तो किनारा बराचसा गोट्यांचा, पायांना त्रास होतो. तरी एक दुपार त्यांना तिकडे न्याच, त्राबोक्की दाखवायला. समुद्रात रोवलेल्या खांबांवरचे हे लाकडी माचे. लांब वाशांना बांधलेलं जाळं त्यावरून रहाटाने पाण्यात सोडतात आणि वर ओढतात, म्हणजे खवळलेल्या समुद्रात होडी घालावी लागत नाही. कोचीची चिनी जाळी पाहिली असतील तर चटकन ओळख पटेल. काही माच्यांवर आता खाणावळी आहेत. जागा आधी राखून ठेवा.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का? (नाशिक)

नाही. पण डोंगरात काड्यांना टोचून भाजलेल्या मटणाचा, आरोस्तिचीनीचा, वास सगळीकडे असतो, त्याची तयारी ठेवा. सान्तो स्तेफानो दी सेस्सानियो या डोंगरातल्या गावची बारीक, काळपट मसूर जरूर खा. मात्र सूपमध्ये डुकराचं मांस नाही ना, हे विचारून घ्या. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ असं म्हणा, म्हणजे मांसही नको, मासेही नकोत. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज सहसा प्राण्यांच्या रेनेटने (कोकरा-वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने) बनतं, ते तुम्हीच ठरवा. सुल्मोना गावचे कोन्फेत्ती मात्र पिशवीभर आणा: आपल्या साखरफुटाण्यासारखेच, फक्त आत बदाम.

प्रश्न: काम्पो इम्पेरातोरेच्या फोटोत नुसता माळ दिसतो. तिथे पाहायचं काय? (कोल्हापूर)

तो माळच पाहायचा. ग्रान सास्सो या डोंगररांगेच्या कुशीतलं हे पठार सुमारे 1800 मीटरवर आहे. जूनमध्ये खाली रानफुलं आणि वर घळींत उरलेलं बर्फ एका नजरेत मावतं. पण त्या गवतामागची गोष्ट माहीत असेल तर तिथून पाय निघत नाही.

फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, तसे इथले मेंढपाळ बर्फ पडण्याआधी दक्षिणेकडच्या पुल्या प्रांताच्या मैदानात उतरत आणि मे महिन्याच्या सुमारास परत चढत. इथल्या लाक्विलाहून पुल्यातल्या फोज्जाला जाणारी त्यांची वाट सुमारे 240 किलोमीटरची. अशा वाटांना ‘त्रात्तूरो’ म्हणतात. मोठ्या वाटा 111 मीटरपर्यंत रुंद असत, कारण कळप चालता चालता चरायचे. या स्थलांतराला 2019 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

फ्लोरेन्समध्ये मेदिची घराण्याचं वैभव पाहिलेल्यांनी सान्तो स्तेफानोत मुद्दाम थांबावं. 1579 मध्ये मेदिचींनी हे गाव घेतलं ते लोकरीच्या व्यापारासाठी. इथला बुरूज 2009 च्या भूकंपात कोसळला, तो पुन्हा बांधून उभा केला आहे. तिथून जवळच रोक्का कालाशो हा पडका किल्ला आहे, सुमारे 1460 मीटरवर. ऊन कलल्यावर चढा. खाली कुरणांच्या घड्या स्पष्ट दिसू लागतात. स्वेटर सोबत ठेवा, जूनमध्येही वारा बोचतो.