ग्राउंडवर पान फाडता येत नाही

"मॅडम, अभ्यासात पहिली असते, पण पीईचा पिरियड आला की हिचं पोट दुखतं, चिठ्ठी लिहून द्या म्हणते, आळशी झालीय काय हो?" फोंड्यात मुलांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या आयांकडून ऐकलाय, की आज एका मुलीबद्दल लिहितेच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नववीतली मुलगी, वहीत एक खाडाखोड सापडणार नाही. पहिल्या दोन-तीन भेटींत एकच उत्तर, "मला खेळ आवडत नाहीत." मग मी सहज विचारलं, चवथीला, म्हणजे गणपतीत, फुगडी घालतेस? चेहराच फुलला! "घालते तर, रात्री बारापर्यंत." म्हणजे अंग हलवायचा कंटाळा नव्हताच.

"मग व्हॉलीबॉलचं काय?"

बराच वेळ गप्प. "फुगडीत सगळ्या एकदम असतात. सर्व्हिसला एकटीला उभं करतात नि सगळे बघतात."

"आणि बॉल नेटमध्ये गेला तर?"

"मॅडम, वहीत चुकलं तर मी पान फाडते. ग्राउंडवर पान फाडता येत नाही."

इतक्या वर्षांत हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसना मानणारी, त्यांच्या विचारातली गोम मराठीत एका अक्षरात मावते, ती म्हणजे 'च'. सर्व्हिस चांगली यावी असं वाटणं वेगळं आणि आलीच पाहिजे हे वेगळं, ह्या 'च'नेच तिचं पोट दुखत होतं, आणि खरंच दुखत होतं, ते नाटक नव्हतं.

मी होमवर्क दिला, घरच्या अंगणात दोरी बांधायची, चुलतभावाला समोर बसवायचं आणि दहा सर्व्हिस मुद्दाम दोरीखालून मारायच्या. पुढच्या आठवड्यात आली ती तोंड पाडून. "होमवर्क पूर्ण नाही झाला, दोन वरून गेल्या." मी काहीच बोलले नाही, नुसती बघत राहिले. मग तिचं तिलाच कळलं आणि जी हसत सुटली!

आईबाबांना माझं सांगणं, आधी डॉक्टरांना दाखवा, पाळीचा त्रास असू शकतो. तसं काही नसेल तर आळशी म्हणू नका आणि दर वेळी चिठ्ठीही देऊ नका, चिठ्ठीने भीती वाढते. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की स्वतःकडून जास्त अपेक्षा ठेवणं आणि लोकांना माझ्याकडून परफेक्टच हवंय असं वाटत राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक दुसरीत अडकलेली असतात. पीई सरांना भेटून एवढंच सांगा, सुरुवातीला एकटीला पुढे उभं करू नका, जोडीने खेळू द्या. लाजरी मुलं तर पुष्कळदा सायकल, पोहणं यात रमतात, तेही चालतं, डब्ल्यूएचओ ह्या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते, ती टीममध्येच करा असं म्हणत नाही.

तिला व्हॉलीबॉल अजूनही फारसा आवडत नाही. पण चिठ्ठी मागणं बंद झालंय, आणि परवा वही दाखवली त्यात एक ओळ खोडलेली होती, पान तसंच.