डर्मारोलर फिरवल्यावर मिनॉक्सिडिल लगेच लावावं का?

तुमची पद्धत अशी दिसते: केस वाढावेत म्हणून आठवड्यातून एकदा टाळूवर 0.5 मि.मी.चा डर्मारोलर (बारीक सुयांचा छोटा रोलर) फिरवायचा, लगेच 5 टक्के मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध लावायचं आणि टाळूची आग सहन करायची. आणि आता क्लिनिकमध्ये लेझर किंवा आयन्टोफोरेसिस (सौम्य विद्युतप्रवाहाने औषध त्वचेत ढकलणं) करून औषध आणखी आत घालता येईल का, असं विचारताय.

आधी लगेच लावणं थांबवा. रोलर आणि मिनॉक्सिडिल यांच्यात 24 तासांचं अंतर ठेवा.

त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो, पण खरी अडवणूक तोच करतो. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू त्यातून सहसा जात नाहीत. मिनॉक्सिडिल 209 डाल्टनचं, म्हणजे आकाराची अडचण नाही. तरी न टोचलेल्या टाळूतून सरासरी 1.4 टक्केच रक्तात पोचतं. ते कमी पोचतं हेच बरं आहे, कारण मुळात हे रक्तदाबाचं औषध. गणित करून बघा: 1 मि.ली. द्रावणात 50 मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा म्हणजे 100, त्यातले 1.4 मि.ग्रॅ. रक्तात. ताज्या छिद्रांमुळे शोषण पाचपट झालं असं धरलं तर 7 मि.ग्रॅ. केसांसाठी पुरुषांना गोळी देतात ती बहुधा 2.5 ते 5 मि.ग्रॅ.ची, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. छातीत धडधड, चक्कर, पावलांना सूज ही लक्षणं त्यातूनच येतात. शिवाय द्रावणातलं अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हा द्रावकही आत जातो. तुमची आग बहुधा त्याचीच.

‘मग रोलरचा उपयोग काय?’ मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांचा 2013 सालचा अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. 100 पुरुष, 12 आठवडे. एका गटाला दर आठवड्याला 1.5 मि.मी.चा रोलर आणि दिवसातून दोनदा 5 टक्के मिनॉक्सिडिल, दुसऱ्याला नुसतं मिनॉक्सिडिल. मोजलेल्या जागेत केसांची संख्या पहिल्या गटात सरासरी 91ने वाढली, दुसऱ्यात 22ने. गंमत अशी की रोलर फिरवल्यावर मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू करायचं ते 24 तासांनी, अशीच त्यात सूचना होती. झाकून न ठेवलेल्या त्वचेवरची ही सूक्ष्म छिद्रं तोवर बहुतांश मिटलेली असतात. म्हणून माझ्या मते इथला मोठा फायदा औषध आत ढकलण्याचा नसून जखम भरताना केसाच्या मुळाला मिळणाऱ्या चालनेचा आहे. दुसरं म्हणजे मिनॉक्सिडिलला मुळाशी एका एन्झाइमने सल्फेट रूपात बदलावं लागतं. ते एन्झाइम ज्यांच्यात कमी, त्यांनी कितीही औषध आत घातलं तरी फरक थोडाच.

घरी करायचंच असेल तर 0.5 मि.मी.च्या पुढे जाऊ नका, 1.5 मि.मी. हे दवाखान्यातलं काम. डोकं शॅम्पूने धुऊन पूर्ण कोरडं करा. रोलर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 10 मिनिटं बुडवून वाळू द्या. केसांचे भांग पाडत छोट्या पट्ट्यांत उभा, आडवा आणि दोन्ही तिरप्या दिशांनी चार-पाच वेळा फिरवा. दिशा बदलताना रोलर उचला. टेकलेला असतानाच वळवला तर सुया त्वचा ओरबाडतात. हलकी लाली आली की थांबा. 0.5 ला रक्त येत असेल तर दाब जास्त आहे किंवा सुई वाकलीय. सुयांवरून कापूस फिरवून बघा; धागे अडकले तर रोलर फेकून द्या. दुसऱ्याचा रोलर कधीही वापरू नका, हिपॅटायटिस बी असाही पसरू शकतो. डोक्यात पुळ्या असतील, सोरायसिस, कोड किंवा लायकेन प्लॅनस (खाजऱ्या चट्ट्यांचा त्वचारोग) असेल, जखमेवर केलॉइड (वाढत जाणारा जाड व्रण) उठत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रोलर नकोच. सोरायसिस आणि कोड टोचल्या जागीच नव्याने उठतात.

आता आयन्टोफोरेसिस. यात सौम्य विद्युतप्रवाहाने भारित रेणू ढकलतात: धनभारित लिडोकेन (बधिर करणारं औषध) धन इलेक्ट्रोडखाली, ऋणभारित डेक्सामेथासोन फॉस्फेट (एक स्टेरॉइड) ऋण इलेक्ट्रोडखाली. उलटं जोडलं की औषध जागचं हलत नाही. मिनॉक्सिडिलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) सुमारे 4.6, म्हणजे साधारण पीएचला ते जवळजवळ भारहीनच. त्यावर पैसे घालवू नका. तळहातांच्या अति घामासाठी मात्र हे यंत्र खरंच कामाचं आहे: नळाचं पाणी, 15 ते 20 मिलिअँपिअर, 20 मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर नाही.

फ्रॅक्शनल सीओटू लेझरचं, म्हणजे त्वचेत बारीक छिद्रं पाडणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरचं (10,600 नॅनोमीटर) खरं स्थान जाड व्रणांत आहे. लेझरने पाडलेल्या छिद्रांत ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड पहिल्या काही मिनिटांतच सोडतात, कारण नंतर ती पाझरलेल्या द्रवाने आणि फायब्रिनने (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाने) बुजतात. सावळ्या त्वचेवर लेझर तीव्र झाला तर काळे डाग उरतात, म्हणून छिद्रांची घनता कमी, साधारण 5 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. बधिर करणारी क्रीम लेझरच्या आधी लावून पूर्ण पुसून काढायची. नंतर तीच क्रीम छिद्रांवर लावली तर लिडोकेन रक्तात जाऊन झटके येऊ शकतात.

रोलरनंतर सीरम लावायचा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास देतात, तोही टाळा. ती सीरम निर्जंतुक नसतात आणि त्वचेखाली जाण्यासाठी बनवलेली नसतात. व्हिटॅमिन सी सीरमनंतर चेहऱ्यावर गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, झाल्याची प्रकरणं 2014 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहेत. पहिल्या रात्री टाळूला काहीच नको, तेलसुद्धा नको. दोन दिवसांनीही लाली, खाज किंवा पू दिसला तर रोलर बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना मिनॉक्सिडिलची बाटली बरोबर न्या. प्रॉपिलीन ग्लायकॉलची अ‍ॅलर्जी निघाली तर ते तुम्हाला मिनॉक्सिडिलचा फोम (फेस) देतील.