आधी हेडर फाइल वाच

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा कोड दोन्ही वाचले. पायथनमधून सीटाइप्सच्या (सी भाषेतली फंक्शने पायथनमधून वापरू देणाऱ्या मॉड्यूलच्या) साहाय्याने तू एका सी लायब्ररीतले फंक्शन कॉल करतोस, छोट्या फाइलवर सगळे सुरळीत चालते आणि मोठी फाइल दिली की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याचा दोष) एवढेच सांगून पायथनसकट सगळे कोसळते. त्यावरून लायब्ररीतच दोष असावा, असे तू धरून चालला आहेस. मला तसे वाटत नाही. लायब्ररी उघडल्यावर तू लगेच फंक्शन कॉल केले आहेस. त्याला काय द्यायचे आणि ते काय परत देणार, हे तुझ्या कोडमध्ये कुठेच सांगितलेले नाही.

कंपाइल झालेल्या सी लायब्ररीत फंक्शनचे नाव आणि त्याचा पत्ता सापडतो, पण त्याच्या आर्ग्युमेंटचे, म्हणजे त्याला द्यायच्या मूल्यांचे, प्रकार तिथून कळत नाहीत. ते हेडर फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररीसोबतच्या घोषणांच्या फाइलमध्ये, लिहिलेले असतात, आणि सीटाइप्स हेडर फाइल उघडूनही पाहत नाही. तू काही सांगितले नाहीस, तर परत येणारे मूल्य ‘इंट’ (साधा पूर्णांक) आहे, असे ते गृहीत धरते. तुझे फंक्शन पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देते. 64 बिटांच्या यंत्रावर पॉइंटर 8 बाइटांचा असतो आणि इंट 4 बाइटांचा, म्हणजे अर्धा पत्ता वाटेतच गळून पडतो.

मग छोटी फाइल का चालली? नोकरीच्या सुरुवातीला मी याच प्रश्नावर दोन दिवस घालवले होते आणि लायब्ररी लिहिणाऱ्या सहकाऱ्याला एक तिखट ईमेलही पाठवली होती, जिच्याबद्दल नंतर माफी मागावी लागली. आमच्या त्या लिनक्स सर्व्हरवर लहान मागणीची मेमरी खालच्या पत्त्यांवरच्या हीपमधून (प्रोग्रॅमच्या मेमरी-साठ्यातून) मिळत असे. त्या पत्त्याचे वरचे 32 बिट शून्यच असल्यामुळे ते गळाले तरी काही बिघडत नसे. मागणी साधारण 128 किलोबाइटांच्या पुढे गेली, की जीलिबसी (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) तीच मेमरी एममॅपने, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागून, अगदी वरच्या पत्त्यांवरून आणते, आणि तिथे गळालेले बिट शून्य नसतात. तुझ्याकडेही बहुधा हेच घडते आहे. चूक दोन्ही वेळा तीच होती. छोट्या फाइलने ती फक्त झाकून ठेवली.

म्हणून प्रत्येक फंक्शनसाठी, पहिल्या कॉलच्या आधी, ‘आर्गटाइप्स’ (द्यायच्या मूल्यांचे प्रकार) आणि ‘रेसटाइप’ (परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार) या दोन ओळी हेडर समोर ठेवून लिही. तुझ्या फंक्शनचा रेसटाइप ‘सी-व्हॉइड-पी’ (नुसता पत्ता) ठेव. ‘सी-चार-पी’ (मजकुराचा पत्ता) ठेवलास, तर सीटाइप्स त्या मजकुराचे परस्पर बाइट्स बनवून देईल आणि मूळ पत्ता तुझ्या हाती राहणार नाही. मग ती मेमरी मोकळी कशी करणार? व्हॉइड-पीने मिळालेला पत्ता पायथनमध्ये साधा पूर्णांक असतो, आणि तो मेमरी मोकळी करणाऱ्या फंक्शनला आर्गटाइप्स न लिहिता दिलास, तर जाताना पुन्हा इंट समजून कापला जातो. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त वेळा होते, असा माझा अनुभव आहे.

सीमधला ‘लाँग’ 64 बिटांच्या लिनक्सवर 8 बाइटांचा आणि 64 बिटांच्या विंडोजवर 4 बाइटांचा असतो. हेडरमध्ये लाँग असेल तर ‘सी-लाँग’च लिही, आपल्या यंत्रावर 8 बाइट दिसले म्हणून ‘सी-इंट-64’ लिहू नकोस. आकडा मावला नाही, तर कोणी अडवेल, अशी अपेक्षाही ठेवू नकोस: ‘सी-इंट’मध्ये 4294967295 घातलेस, तर निमूटपणे उणे 1 मिळते. दशांश संख्या उघडी दिलीस, तर निदान आर्ग्युमेंट एरर तरी येते. पण ‘सी-डबल’मध्ये गुंडाळून वर्गमुळाच्या फंक्शनला दिलीस आणि रेसटाइप विसरलास, तर उत्तर एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या छोट्या जागेत) असते आणि सीटाइप्स वाचते दुसरेच.

मराठी मजकूर हाताळताना तर अधिकच जपावे लागते. शून्य बाइट येईपर्यंत मजकुराचे बाइट मोजणाऱ्या सीमधल्या ‘स्ट्रलेन’ला पायथनची ‘पुणे’ ही स्ट्रिंग तशीच देऊन पाहा. सीटाइप्स ती रुंद अक्षरांच्या रूपात पाठवते. लिनक्सवर असे प्रत्येक अक्षर 4 बाइटांचे असते, ‘प’चे बाइट सोळा-आधारी आकड्यांत 2ए, 09, 00, 00 असे मांडलेले असतात, आणि स्ट्रलेन तिसऱ्या बाइटवरच्या शून्यापाशी थांबून 2 सांगते. विंडोजवर रुंद अक्षर 2 बाइटांचे असल्यामुळे तीच स्ट्रिंग 8 भरते. प, उकार, ण आणि मात्रा ही चार चिन्हे यूटीएफ-8 मध्ये (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) प्रत्येकी 3 बाइट घेतात, तेव्हा आधी एन्कोड करून बाइट्स दिलेस, तर 12 हे योग्य उत्तर दोन्हीकडे मिळते. आर्गटाइप्समध्ये ‘सी-चार-पी’ लिहिलेले असते, तर साधी स्ट्रिंग दिल्याबरोबर स्पष्ट एरर आली असती, आणि ती मला या चुकीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी बरी वाटते.

स्ट्रक्चर (अनेक मूल्ये एकत्र बांधणारा सीचा प्रकार) वापरावे लागले, तर बेरजेवर विश्वास ठेवू नकोस. 1 बाइटाच्या एका ‘चार’पुढे (सीचा अक्षराचा प्रकार) 8 बाइटांचा एक ‘डबल’ (दशांश संख्या) असेल, तर बेरीज 9 होते, पण नेहमीच्या 64 बिटांच्या कंपायलरने मधे मोकळी जागा सोडल्यामुळे आकार 16 भरतो. सीटाइप्सही तशीच जागा सोडते. मात्र हेडरमध्ये पॅक करण्याची, म्हणजे मोकळी जागा न सोडण्याची, सूचना असेल, तर ती तुलाही पायथनच्या बाजूला द्यावी लागते. दोन्हीकडे ‘साइझऑफ’, म्हणजे बाइटांतला आकार, छापून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

तुझ्या कोडमध्ये मी चार फंक्शने मोजली. चौघांच्याही घोषणा एकाच ठिकाणी, लायब्ररी उघडल्यावर लगेच लिही आणि फाइल मला परत पाठव. मेमरी मोकळी करणारे फंक्शन त्यांत आहे का, हे मी सगळ्यात आधी पाहणार आहे.

तुझा,
एक जुना सहकारी