खजिनदारभाऊ, आधी शेवटचा आशीर्वाद ऐका

पत्र: ताई, सलाम. वय ४८. नागपुरातल्या आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी सहा वर्षांपासून खजिनदार आहे. गेलं दीड वर्ष प्रार्थनेला बसलो की डोक्यात हिशेबच सुरू होतात. वचन वाचतो, पण आत काही शिरत नाही. थकबाकीदारांची यादी मी बोर्डावर लावली, त्यात एका ज्येष्ठ पंचांचं नाव होतं. पुढं वार्षिक सभेत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "थैली तर यहूदाकडेही होती." म्हणजे प्रभू येशूला धरून देणाऱ्या शिष्याशी माझी तुलना. ऑडिटमध्ये एक रुपया इकडचा तिकडे नाही, ताई. तेव्हापासून उपासनेत एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की मी गीतांच्या पुस्तकात तोंड घालून बसतो. शेवटचं गीत सुरू झालं की दानाच्या थैल्या घेऊन वेस्ट्रीत, चर्चच्या आतल्या खोलीत, मोजायला जातो. कोणी म्हणतं उपास धरा, कोणी म्हणतं लपलेलं पाप शोधा. शहरातल्याच एका हॉलमधल्या प्रार्थनासभेला दोनदा गेलो, तिथं डोळ्यांत पाणी आलं. मंडळी बदलू का? – एक खजिनदार, नागपूर

भाऊ, सलाम.

यहूदाचं ते वाक्य वाचून मलाच राग आला. योहानाच्या शुभवर्तमानात, १२ व्या अध्यायात, थैलीबरोबरच तो चोर होता हेही लिहिलंय, आणि जुन्या पंचांना ते ठाऊक नसेल असं मी मानत नाही. तुम्हाला लागलं, लागणारच होतं. तरी त्यांच्याकडं मी शेवटी येते.

आधी ते लपलेलं पाप शोधणं बंद करा. आपल्या मंडळ्यांत कोणाची प्रार्थना आटली की लगेच उपास, रात्रजागरण, सकाळी चारचा गजर. म्हणजे थकलेल्या माणसाला आणखी थकवायचं. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला चूक विचारली नाही, भाकर दिली आणि पुन्हा झोपू दिलं. तुमची झोप-भूकही उडाली असेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात अविश्वास कसला?

आणि ४२ वं स्तोत्र काढा. लोकांच्या मेळ्यासोबत हर्षानं देवाच्या घराकडं कसा जात होतो, हे आठवून तो माणूस रडतो. आता देव कुठं आहे, हे त्याला कळत नाही. हे स्तोत्र कोरहाच्या मुलांचं आहे. कोरहाचं घराणं म्हणजे मंदिरातले गाणारे आणि द्वारपाल, रोज देवाच्या घरातच राबणारे लोक. त्यांच्या नावाचं हे रडगाणं पवित्र शास्त्रात जपून ठेवलंय. तुमच्यासारख्यांना मी तेच देते. मोठ्यानं वाचा, गच्चीवर वाचा, घरचे हसले तर हसू द्या.

तुमच्या पत्रात मला खरी अडचण दिसते ती वेस्ट्रीची. नीट पाहा, काय होतंय ते. बाहेर मंडळी उभी राहून शेवटचं गीत गातेय. तुम्ही आत टेबलाशी, दहाच्या चुरगाळलेल्या नोटा सरळ करताय, नाण्यांचे ढीग लावताय, रजिस्टरवर सही. पाळकसाहेब हात वर करून आशीर्वाद देतात तो दाराच्या फटीतून आला तर आला. सहा वर्षं दर रविवारी असंच होत असेल, तर तुम्ही उपासनेला येता कुठं? तुम्ही येता ते ड्युटीवर. शुभवर्तमानातल्या मार्थेचंही हेच झालं होतं. प्रभू घरी आलेला आणि ही कामाच्या घाईत, वर बहिणीची तक्रार. तिचं काम वाईट नव्हतं, पण घरी आलेल्या पाहुण्याशी बोलायचं राहूनच गेलं.

म्हणून पुढचे चार रविवार मोजणी दुसऱ्या दोघांवर सोपवा, नाहीतर आशीर्वाद झाल्यावर मोजा. नोटा पळून जात नाहीत, कपाटाला कुलूप आहे. बायकोशेजारी बसा. या काळात काही वाटलं नाही तरी चालेल. ३१ मार्चला वर्ष संपलं की हिशेब नीट सोपवा आणि पुढच्या निवडणुकीत फॉर्म भरू नका. "तुमच्याशिवाय कोण करणार?" असं चार जण म्हणतील. म्हणू द्या.

मंडळी बदलायचं म्हणता, तर आत्ता नको. आपण प्रोटेस्टंट असलो तरी १६ व्या शतकातल्या इग्नाटियस लोयोला या कॅथलिक संताचं एक सांगणं मी मानते: मन कोरडं पडलेलं असताना, आधी शांत मनानं घेतलेला निर्णय फिरवू नये. हॉलमधले अश्रू खोटे होते असं मी म्हणत नाही. तिथं तुम्हाला कोणी थकबाकी विचारत नव्हतं, कोणी पंच समोर नव्हता, म्हणून ते आले असावेत. दोन वर्षांनी तिथंही कोणीतरी तुमच्या हातात रजिस्टर देईल, तुमचा स्वभाव पाहता नक्कीच देईल.

आता ते पंच. मत्तयाच्या ५ व्या अध्यायातलं वचन तुम्हाला पाठ असेल: वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट कर. पण तिथं आपला भावावर राग आहे म्हणून जा, असं नाही म्हटलं. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर जा. आणि त्यांच्या मनात आहेच. दर रविवारी पोरासोरांसमोर त्यांचं नाव भिंतीवर टांगलेलं होतं. नियमानं तुम्ही बरोबर असाल, पण म्हाताऱ्या माणसाला एक फोन करता आला असता.

एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा, एकटे, रजिस्टर न घेता. यादीबद्दल बोला, "तसं लावायला नको होतं" एवढंच. यहूदाचा विषय तुम्ही काढू नका, माफीची वाट पाहू नका. ते दार लावूनही घेतील. प्रेषित पौल रोमकरांना लिहिताना 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असं म्हणतो, म्हणजे समोरच्याचा अर्धा भाग त्यानं तुमच्या डोक्यावर टाकलेला नाही.

याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन केली. बोलणी १९२९ पासून चालली होती. बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे दोन्ही त्यात आले, बाप्पा! तुम्हा दोघांत तर एका कागदाचंच भांडण आहे. पण लगेच जमेल असं नाही, आणि पहिल्या भेटीत चहासुद्धा मिळाला नाही तरी पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

पाळकसाहेबांना सांगून ठेवा, मध्यस्थीला मात्र बोलावू नका. ते आले की त्याची मीटिंग होईल, आणि मीटिंगा तुम्ही पुष्कळ केल्यात.

– ताई