हेलिकॉप्टरचे पाय सारखे मोडतात, काय करू?

प्रश्न : सर, माझ्याकडं ४५० साइजचं रिमोटवरचं हेलिकॉप्टर आहे, अजून हॉवरिंगच (हवेत एकाच जागी थांबवणं) शिकालोय. जरा जोरात खाली बसलं की प्लास्टिकचं स्किड, म्हणजे खालचे पाय, मोडतंय, नवीन घालून घालून कंटाळा आलाय. आता बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधनं जाड अॅल्युमिनियम पट्टीचे पाय करून घेऊ म्हणतोय, म्हणजे परत मोडायलाच नकोत. बरोबर आहे काय? उडवायला आमच्याकडं भाताची शेतंच आहेत.
— एक कॉलेज विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : जाड पट्टीचे पाय मोडणार नाहीत हे खरं आहे, खरं मग दुसरं काहीतरी मोडंल आणि ते स्किडपेक्षा महाग असंल. मेन शाफ्ट (वरचा पंखा, म्हणजे रोटर, फिरवणारा दांडा) वाकंल, फ्रेम तडकंल, नाहीतर ब्लेड खाली लवून टेलबूमच (शेपटीची नळी) कापून टाकंल. जरा हिशोब बघ. तुझं हेलिकॉप्टर साधारण ८०० ग्रॅमचं धर, ३० सेंटिमीटरवरनं पडलं आणि पाय फक्त ५ मिलिमीटर दबले तर सरासरी जवळपास ५० किलोचा दणका बसतोय, तेच पाय ३ सेंटिमीटर फाकले तर तो ९ किलोच्या आसपास येतोय. वजन तेच, उंची तीच, फरक फक्त थांबायला किती जागा मिळाली एवढाच. म्हणून मजबूत पाय म्हणजे कडक पाय नव्हेत, फाकून परत जाग्यावर येणारे पाय हवेत. मऊ अॅल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं, आणि सारखं सरळ करत बसलास तर त्याच जागी चीर पडते.

मी तुझ्या जागी असतो तर अडीच मिलिमीटरची पियानो वायर (स्प्रिंगसारखी कडक पोलादी तार) घेतली असती, मीटरला जेमतेम ४० ग्रॅम भरते. डाव्या पायापासून उजव्या पायापर्यंत अखंड एकच कमान, अशा दोन, एक पुढं एक मागं. व्हाइसमध्ये धरून थंडच वाकव, गॅसवर लाल केलीस तर तिचा स्प्रिंगपणा जातो, आणि कोपरा टोकदार न करता गोल घे कारण तुटते ती तिथंच. खाली जमिनीला टेकणारं स्किड म्हणून ६ मिलिमीटरची पोकळ अॅल्युमिनियम नळी चालते, ती कमानीला केबल टायनं आवळून बांध, वेल्डिंग नको. जोरात आपटलं तर टाय तुटू दे, पाकिटभर टाय मिळतात. तसंच कमान फ्रेमला धरायला ३ मिलिमीटरचे नायलॉन बोल्ट वापर, घराच्या वायरिंगमध्ये फ्यूज असतो तसं काम करतात ते, आधी स्वतः जातात.

तुमच्याकडं बांबूला तोटा नाही, वायर मिळाली नाही तर जून बांबूची काप काढून मंद आचेवर वाकवली तरी चांगली कमान होते. फक्त बांबूची साल कमानीच्या खालच्या, म्हणजे आतल्या बाजूला ठेव. पाय फाकताना ताण त्या बाजूला येतो आणि बांबूचं खरं बळ सालीजवळच्या धाग्यातच असतं.

पाय उगीच उंच करू नकोस, टेल रोटर (शेपटीचा छोटा पंखा) जमिनीपासून सुटला की बास, उंच केलास की कलंडायची भीती वाढते. रुंदी मात्र सढळ ठेव. शिकतोयस तोवर स्किडखाली दोन लांब काड्या आडव्यातिडव्या बांधून चारी टोकांना टेबल टेनिसचे बॉल लाव. काड्यांना कार्बनपेक्षा फायबरग्लास बरं, जास्त लवतं. सगळं बसवून झालं की रोटर हेडला, म्हणजे ब्लेड बसवलेल्या मधल्या भागाला, धरून उचल, नाक किंवा शेपूट खाली झुकत असंल तर बॅटरी पुढंमागं सरकव.

आता भाताच्या शेताचं. कापणीनंतर जी धसकटं राहतात ती फार वाईट, एक स्किड त्यात अडकलं आणि तू थ्रॉटल दिलास (मोटरचा जोर वाढवलास) की हेलिकॉप्टर त्याच पायावर फिरून आडवं होतं, तिथं कितीही चांगला पाय वाचवत नाही. शेतातच उडवायचं तर प्लायवूडचा मोठा तुकडा ने आणि त्याच्यावरच उतरव-चढव कर. बेळगावला आलास तर व्हॅक्सिन डेपोवर नको हं, तिथं माणसं फिरायला येतात, आणि सांबरा विमानतळ असल्यानं आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटचा नकाशा बघायचाच.

प्रश्न : रोटर फिरायला लागला की जमिनीवरच हेलिकॉप्टर जोरजोरात थरथरतं. पाय बदलू काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी पायांना हात लावू नका. थरथर सुरू झाली की लगेच थ्रॉटल होल्ड (रिमोटवरचं मोटर बंद करायचं बटण) टाका आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका, मिनिटाला दोन हजारांवर फेरे असतात त्याचे. मग दोन्ही ब्लेडचं वजन सारखं आहे काय, ब्लेडचे बोल्ट सारखेच आवळलेत काय, हेडमधले रबर डँपर (झटके सोसणारे रबरी तुकडे) झिजलेत काय ते बघा. हे सगळं नीट असून थरथर राहिली तर स्किडचे स्क्रू सैल झाले असतील, नाहीतर पाय फारच मऊ असतील. मग गवतावर आणि सिमेंटवर दोन्हीकडं फिरवून बघा, एकाच ठिकाणी थरथरत असंल तर दोष पाय आणि जमिनीच्या जोडीत आहे, तेव्हा वायर अर्ध्या मिलिमीटरनं जाड घ्या.